अर्धा पेला

नांदेड,
४ ऑगस्ट १९९६

बसम्मावहिनींस,

एरवी मी पत्राची सुरुवात ‘सप्रेम नमस्कार’ अशी करते. या वेळी नुसता नमस्कार घ्या. ‘सप्रेम’ लिहायला हात उठत नाही.

गेल्या रविवारी हे आमच्या मृण्मयीला भेटायला लातूरला आले होते. एसटीत हिंदकळून, घामाघूम होऊन माणूस तुमच्या दारात उतरला. तुमच्या घरचा जावई तो, माझ्या सख्ख्या भावाच्या घरचा. आणि तुम्ही त्यांच्या हातात काय ठेवलंत, तर अर्धा पेला पाणी. अर्धा! अंगणात पत्र्याच्या शेडखाली पाण्याचे कॅन ओळीनं भरलेले. ह्यांनी भोळेपणानं विचारलं, “वहिनी, एवढं पाणी कशाला हो?” त्यावर तुमचं उत्तर, “ते प्यायचं नाही.” पाणी प्यायचं नाही तर त्याला काय हळदकुंकू वाहायचं?

पुढचं ऐका. मृण्मयीच्या ताटात वाळून कडकडीत झालेली भाकरी होती, वरणात बुडवून मऊ केलेली. आमच्याकडे अशी भाकरी गाईपुढे टाकतात. त्याच दुपारी तुम्ही ह्यांच्या डोळ्यांदेखत नवे शेंगदाणे, नवा गूळ, नवे फुटाणे आणि सकाळीच केलेल्या भाकरींची चळत असं सगळं गुलाम रसूल पत्रेवाल्याकडून करून घेतलेल्या त्या मोठाल्या डब्यांत भरलंत आणि झाकणं लिंपून टाकलीत. म्हणजे ताजं डब्यात आणि शिळं माझ्या लेकीच्या ताटात. शिवाय पोरगी उशाशी चपला आणि बॅटरी घेऊन झोपते. का, तर मामीचा हुकूम.

तिचं हे बारावीचं वर्ष आहे, वहिनी. सगळा मराठवाडा पोरं घेऊन लातूरच्या क्लासेसकडे धावतोय, म्हणून मीही पाठवली. मेडिकलची सीट मिळाली तर मिळाली, नाहीतर हिचं सगळं बी.एस्सी.वर येऊन थांबणार. हॉस्टेलपेक्षा मामाचं घर बरं, असं मला वाटलं होतं. दादा आठवडाभर शिरूर अनंतपाळला नोकरीवर असतो, त्यामुळे घरात राज्य तुमचं. तेव्हा उत्तरही तुम्हीच द्या.

सरोजिनी


लातूर,
१२ ऑगस्ट १९९६

सरोजिनीताईंस नमस्कार.

पत्र पोचलं. तुमचे दादा शनिवारी घरी आले तेव्हा वाचून दाखवलं. उत्तर तुम्ही माझ्याकडे मागितलंत, म्हणून मीच लिहिते.

अर्धा पेला दिला हे खरं आहे. आमच्या घरी सगळ्यांना अर्धाच देतात. संपला की मागायचा, पुन्हा मिळतो. भरून दिला की पाहुणे दोन घोट घेतात आणि उरलेलं मोरीत जातं. इथं नळ आठवड्यातून एकदा येतो, तोही मनात आलं तर. ते पाणी मी उकळते, दुहेरी फडक्यातून गाळते, मग भरते. तुमच्या मिस्टरांनी मागितलं असतं तर चार वेळा दिलं असतं. मागायला लाज वाटली असेल. मोठ्या घरच्या माणसांना वाटते.

आता भाकरीचं. ती शिळी नाही, तिला कडक भाकरी म्हणतात. पातळ थापून मुद्दाम तशी भाजतात आणि वाळवतात. आमच्या निलंग्याकडे आणि खाली कर्नाटकात प्रवासाला निघणाऱ्याला हीच बांधून देतात. महिनाभर तिला काही होत नाही. तुम्ही नांदेडकर गाईला घालत असाल तर तुमच्या गाई नशीबवान.

दर अमावास्येला मी डबे उघडते. जुना माल बाहेर काढून घरात खायला घेते आणि नवा आत भरते. जुनं माझ्या ताटातही येतं, तुमच्या दादांच्याही येतं. असं केलं नाही तर ज्या दिवशी खरी गरज पडेल त्या दिवशी डब्यात नुसते पोरकिडे निघतील. एवढं कळायला तुमच्यासारखं शाळेत शिकवायला लागत नाही.

डबे अंगणात, भिंतीपासून लांब का ठेवले, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. घर पडतं. घरात ठेवलेलं घराखाली जातं. आणि चपला उशाशी का, ते कळायचं असेल तर एकदा रात्री फुटक्या काचांवरून अनवाणी पळून बघा.

बसम्मा


नांदेड,
२५ ऑगस्ट १९९६

वहिनींस,

“घर पडतं” म्हणे. तुमचं घर सिमेंटचं, दादानं स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं. भूकंपाला तीन वर्षं होत आली. जग पुढं गेलं, लातुरात गल्लोगल्ली क्लासची पाटी लागली, आणि तुम्ही अजून डबे लिंपत बसल्या आहात. याला काळजी म्हणत नाहीत, वहिनी. डोक्यावर परिणाम म्हणतात.

भूकंप काय एकट्या तुमच्यावर आला? आम्हीही केलं. तुमच्या वडिलांचा, अण्णांचा पाय मोडला, लातूरच्या दवाखान्यात जागा नव्हती, तेव्हा नांदेडला कुणाच्या ओळखीनं खाट मिळाली? तुम्ही आणि तुमच्या आई कुणाच्या घरी राहिलात? अंगावरच्या कपड्यानिशी आलेल्या माणसांना कपडे कुणी दिले? मी हे कधी बोलूनसुद्धा दाखवलं नाही.

असो. मृण्मयीची बिलोलीची एक मैत्रीण आहे. ती आणि आणखी काही मुली क्लासच्या मागे खोली घेऊन राहतात. गच्चीवर भली मोठी टाकी आहे, चोवीस तास पाणी आहे, मेसचा डबा येतो, गरम पोळ्या असतात. मी तिची सोय तिथं करते आहे. तिला विचारलं तर एका पायावर तयार झाली. यातच काय ते समजा.

लेकरू नसलेल्या घरात मी लेकरू ठेवलं, ही माझीच चूक. तिथं लेकरापेक्षा डब्यांची माया जास्त असायचीच.

सरोजिनी


लातूर,
९ सप्टेंबर १९९६

सरोजिनीताईंस,

मृण्मयीची ट्रंक भरून ठेवली आहे. रविवारी येऊन न्या.

खोली मी जाऊन बघून आले. टाकी गच्चीवर आहे हे खरं, पण टाकीत पाणी चढतं ते खालच्या हौदातून, आणि हौदाला चिकटून गटार आहे. हौदाला झाकण नाही. पोरीला पाणी उकळून प्यायला सांगा. मी सांगितलं तर परिणाम झालेल्या डोक्याचं म्हणून सोडून देईल.

तुमची शेवटची ओळ वाचली. तिला उत्तर देत नाही.

कपडे दिल्याचं कधी बोलून दाखवलं नाही, असं लिहिलंत. त्या ओळीखाली मी रेघ मारून ठेवली आहे.

बसम्मा


नांदेड,
१७ जानेवारी १९९७

वहिनींस,

चार महिन्यांनी लिहिते आहे, आणि लिहायची वेळ आली म्हणून लिहिते आहे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शाळेच्या जिन्यावरून पडले. नडगीचं हाड मोडलं, पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये आहे. जीप करून येते म्हटलं तर डॉक्टर ओरडले, हाड सरकलं तर ऑपरेशन. हे हिमायतनगरला निवडणुकीच्या कामावर अडकलेत, रजा मिळत नाही. आणि काल संध्याकाळी बिलोलीच्या त्या मैत्रिणीचे वडील दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “खोलीवरच्या सगळ्या पोरींना कावीळ झालीया. मी माझी घेऊन आलो. तुमचीचे डोळे पण पिवळे दिसून राहिले. ताई, लौकर बघा.”

घरमालकाचा फोन लागत नाही. शिरूरला दादाच्या ऑफिसात कुणी उचलत नाही. परीक्षा महिन्यावर आली आहे.

पत्र मिळताच मृण्मयीला घरी घेऊन जा. चांगल्या डॉक्टरला दाखवा. पथ्याचं, उकळलेलं पाणी, सगळं नीट झालं पाहिजे. तुमच्या डब्यांत आणि कॅनमध्ये आहे ना सगळं? मग आता तरी त्याचा उपयोग करा. ते माझं माहेर आहे, वहिनी. माझा हक्क आहे तिथं. तुमच्या-माझ्या भांडणासाठी माझ्या पोरीचं वर्ष जाता कामा नये.

सरोजिनी


लातूर,
२२ जानेवारी १९९७

सरोजिनीताईंस,

पत्र मिळालं. पाय मोडल्याचं वाचून वाईट वाटलं.

‘घेऊन जा’, ‘दाखवा’, ‘झालं पाहिजे’, ‘माझा हक्क’. सगळं पत्र दोनदा वाचलं. त्यात मागणं कुठं सापडलं नाही.

डबे माझे आहेत. पाणी माझं आहे. ते उकळताना धुरानं माझे डोळे गेलेत. त्यावर माहेरवाशिणीचा हक्क पोचत नाही. आमच्या घरी मागितल्यावर मिळतं, हे मी तुम्हाला ऑगस्टमध्येच कळवलं होतं.

तुम्हाला पाहिजे असेल तर मागा. स्वतःच्या हातानं लिहून मागा.

बसम्मा


नांदेड,
२७ जानेवारी १९९७

वहिनी,

मागते.

माझ्या मुलीला तुमच्या घरी घ्या. तिला तुमचं पाणी द्या, तुमच्या डब्यांतलं खायला द्या. मी हात जोडते. पदर पसरते म्हणा, पाया पडते म्हणा, तुम्हाला जे शब्द पाहिजे असतील ते माझ्या नावानं लिहून घ्या. तुमचं पत्र आल्यापासून मी झोपलेली नाही. पलंगावरून उतरता येत नाही, नाहीतर सरपटत आले असते.

फक्त तिला घेऊन या. ती जिवंत आहे एवढं तरी कळवा.

सरोजिनी


लातूर,
१ फेब्रुवारी १९९७

सरोजिनीताईंस,

मृण्मयी माझ्याकडे आहे. तुमचं जानेवारीतलं पहिलं पत्र इथं पोचलं त्याच्या आधीपासून आहे. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला. काल स्वतःहून खायला मागितलं. डॉक्टर म्हणतात, अशक्तपणा राहील, पण पेपर देता येतील. आता उशीला टेकून बायोलॉजीच्या आकृत्या काढत बसली आहे.

ती खोलीवर गेली तरी दर रविवारी माझ्याकडे यायची. तुम्हाला सांगितलं नसेल. जाताना कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून न्यायची, मैत्रिणींना आवडते म्हणून. तिला भाकरीचं दुःख कधी नव्हतंच, ताई. तिला मैत्रिणींबरोबर राहायचं होतं. त्या वयात वाटतं तसं. तुम्हाला काय सांगितलं म्हणजे तुम्ही चिडाल, हे ती चांगलं ओळखून आहे.

संक्रांतीला तिळगूळ घ्यायला आली नाही. भांडण आपलं आहे, तिचं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच खोलीवर गेले. पोरी भिंतीला टेकून बसलेल्या, एकमेकींना त्याच टाकीतलं पाणी देत होत्या. बिलोलीचा बाप त्याची पोरगी घेऊन माझ्या आधीच निघून गेला होता. मी मृण्मयीला रिक्षात घातलं. बाकीच्या नुसत्या बघत राहिल्या. त्यांनी काही मागितलं नाही, पण बघवेना. ज्यांची माणसं लांबची होती त्या सगळ्यांना घेऊन आले. आमच्या बैठकीत ओळीनं गाद्या घातल्या. अमावास्या नव्हती तरी डबे फोडले. गूळ, लाह्या, फुटाणे, सगळं गेलं. कॅन एकेक करत संपले. आता शेडखाली आवाज केला तर घुमतो.

मृण्मयीनं आल्याच्या दुसऱ्याच दिवशी तुम्हाला कार्ड लिहिलं होतं, ‘मी मामीकडे आहे, काळजी करू नको’ म्हणून. माझ्याकडे दिलं पोस्टात टाकायला. मी टाकलं नाही. सोबत पाठवते आहे. तिला हे ठाऊक नाही आणि तुमच्या दादांनाही नाही. तुमच्या दादांना म्हणाले, मी सगळं कळवलंय. तुम्हाला मुद्दाम मागायला लावलं.

का, ते आता लिहिते. भूकंप झाला तेव्हा मी गणपतीसाठी माहेरी गेले होते. आमच्या घरात वर्षाची ज्वारी होती. ती दगडमातीच्या ढिगाखाली, आणि आम्ही ढिगावर. ट्रकमधून भाकरी फेकायचे, त्या झेलायच्या. आईला झेलता येत नव्हत्या. ते सगळं मी विसरले असते, ते परके लोक होते. नंतर आम्ही तुमच्याकडे आलो. आई तुमच्या ओसरीवर बसली होती. तुम्ही आतून जुनं लुगडं आणलंत, आणि आईला द्यायच्या आधी शेजारच्या बायकांना हाका मारल्यात. “या गं, आमच्याकडं भूकंपग्रस्त आलेत.” त्या येऊन उभ्या राहिल्या. मग तुम्ही म्हणालात, “हात पुढे करा, मावशी.” आईनं हात पुढे केले. ती तुमच्या भावाची सासू होती, ताई. पाहुणी होती. त्या दिवशी मी ठरवलं, आता माझ्या घरात कुणावर हात पुढे करायची पाळी येऊ द्यायची नाही. डबे त्यानंतर आले.

मागताना कसं वाटतं, ते तुम्हाला एकदा कळायला पाहिजे होतं. कळलं असेल. पोरगी सुखरूप आहे.

बसम्मा


नांदेड,
२३ मार्च १९९७

वहिनींस,

परीक्षेसाठी मी तुमच्या घरी येऊन राहिले, आणि शेवटचा पेपर होईपर्यंत आपण एकमेकींशी धड चार शब्द बोललो नाही. “मामीला सांग मीठ कमी आहे”, “आईला सांग मग वरून घे”. मृण्मयीनं पेपर दिले की आपली टपालं पोचवली, कळत नाही. फिजिक्सला तिला मळमळलं, पण उठली नाही. बायोलॉजी छान गेला. सीटचं जूनमध्ये कळेल. तोंडानं बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

तुम्ही जे केलंत ते मी माफ करणार नाही. ते कार्ड हातात आलं तेव्हा आधी मी रडले आणि मग मला जेवढ्या शिव्या येतात तेवढ्या तुम्हाला दिल्या. पोटच्या पोरीची खबर दाबून ठेवून आईला भीक मागायला लावणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. हे मी दादालाही सांगितलं आहे.

लुगड्याचंही सांगते. शेजारणींना मी बोलावलं ते आणखी चार कपडे जमतील म्हणून, असंच मी आजवर धरून चालले होते. तुमचं पत्र खोटं आहे, असंही मनाशी म्हणून पाहिलं.

पण मी तुमच्या दारात उतरले त्या दिवशी कुबडी घसरली आणि मी फाटकातच बसले. समोरच्या ओट्यावरच्या बायका माना उंच करून बघत होत्या. तुम्ही धावत आलात, एक शब्द न बोलता मला काखेत धरून उठवलंत, आत नेलंत आणि पहिल्यांदा दार लावून घेतलंत. कुणाला हाक मारली नाहीत. ‘बघा, आली’ म्हणून कुणाला दाखवलं नाहीत. दाखवायचा हक्क होता तुमचा. वहिनी, त्या लावलेल्या दाराचा मला जेवढा राग आला तेवढा त्या कार्डाचासुद्धा आला नव्हता. खोलीत पडल्या पडल्या मला तुमच्या आईचे हात दिसायला लागले. ते अजून जात नाहीत.

रिकामे डबे पाहिले. ते मी भरून देणार नाही. तुम्ही घेणार नाही, हे मला कळतं.

एक नवं लुगडं घेतलं आहे, हिरवं. प्लॅस्टर निघालं आहे. मी निलंग्याला उतरून तुमच्या आईच्या गावी जाणार आहे. ओसरीवर त्यांच्यासमोर उभी राहीन. त्यांनी आधी सगळ्या गल्लीला बोलवावं, मग घ्यावं. नाही घेतलं तर हातात धरून परत येईन. तुम्ही येऊ नका. तुमच्यासाठी मी काही करत नाहीये.

सरोजिनी


लातूर,
३० मार्च १९९७

सरोजिनीताईंस,

आईला निरोप धाडला आहे. कशासाठी येताय ते सांगितलं नाही. ते तुमचं तुम्ही सांगा.

गाव जुन्या जागी नाही. फाट्यावर उतरून डाव्या हाताला सरकारनं बांधलेली घरं दिसतील, सगळी एकसारखी. कुणालाही विचारा, तिला सगळे ओळखतात. त्या घरांना ओसरी नाही. उभं राहायचं तर उन्हात उभं राहावं लागेल. गल्ली तिला बोलवावी लागणार नाही, पाहुणा दिसला की आपोआप जमते.

लुगडं बदलून घ्या. अण्णा गेल्यापासून ती हिरवं नेसत नाही.

डबे या अमावास्येपासून पुन्हा भरायला घेते आहे. मृण्मयी निकाल लागेपर्यंत इथंच राहते म्हणते. तुमची ना असेल तर कळवा. माझी ना नाही.

मी येणार नाही. पाणी तिच्या हातूनच मिळेल. ती कुणालाही काठोकाठ भरून देते. किती वेळा सांगितलं, ऐकत नाही. तिथं टँकर येतो, आणि डोक्यावरून घागर तीच आणते.

पूर्ण प्या. उरवू नका.

बसम्मा